विषयपत्रिकेवरचा सहावा विषय

इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावात रात्री दहानंतर व्हीलचेअरवरच्या माणसाने घरी कसं पोचायचं, हे संसदेत ठरत नाही. ते ठरतं डिस्ट्रिक्ट काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, जिथे परवाना समितीची बैठक भरते. पबचे परवाने, जुगाराची यंत्रं, भंगारवाले, टॅटू काढणारे, कुत्री सांभाळणारे आणि टॅक्स्या, असा सगळा संसार या एकाच समितीच्या पदरात असतो. बैठक सगळ्यांना खुली असते. लोकांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्या बहुतेक रिकाम्या असतात. माझा नवरा व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा एक खुर्ची उचलून भिंतीशी ठेवावी लागली. तेवढीच काय ती गर्दीची व्यवस्था.

सहावा विषय होता ‘हॅकनी कॅरेज धोरणाचा आढावा, परिशिष्ट क’. असं शीर्षक वाचून कोण कशाला बसची दोन तिकिटं काढून ऐकायला येईल? पण माझ्या नवऱ्याने संध्याकाळी मित्राकडे जायचं की नाही, सिनेमाचा शेवटचा खेळ बघायचा की दुपारचा, लंडनहून परतायची गाडी कुठली धरायची, हे सगळं त्या परिशिष्टात होतं. दीड पानात.

इथल्या टॅक्सीचा कायदा समजून घ्यायचा तर थेट घोडागाडीच्या जमान्यात जावं लागतं. लंडनबाहेर अजूनही १८४७ चा टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्ट चालू आहे आणि टॅक्सीला कागदोपत्री अजून ‘हॅकनी कॅरेज’च म्हणतात. ही गाडी स्टँडवर उभी राहू शकते, रस्त्यात हात दाखवून थांबवता येते. १९७६ च्या कायद्याने तिच्या शेजारी दुसरी जात आणून बसवली, प्रायव्हेट हायर. हिला स्टँडवर उभं राहायला बंदी. आधी फोन किंवा ॲपवरून बुकिंग केलं तरच ती माणूस उचलणार. दोन्हींना परवाना स्थानिक काउन्सिलचा. दोन्हींच्या मागे काउन्सिलची प्लेट ठोकलेली असते आणि धंद्यातली माणसं गाडीबद्दल नाही, प्लेटबद्दल बोलतात. ‘त्याच्याकडे जुनी प्लेट आहे’ हे इथे ‘त्याची गावात वडिलोपार्जित जमीन आहे’ अशा सुरात म्हटलं जातं.

आता अपंगांच्या हक्कांचं बघा. १९९५ च्या कायद्याने सरकारला अधिकार दिला की टॅक्स्या व्हीलचेअर जाण्यासारख्या असाव्यात, असे नियम करा. नियम कधी निघालेच नाहीत. २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आला, त्यात ती तरतूद पुन्हा लिहिली गेली, नियम तरीही निघाले नाहीत. त्याऐवजी काय झालं, तर ड्रायव्हरच्या वागण्याचे नियम झाले. एप्रिल २०१७ पासून, काउन्सिलच्या यादीत नाव असलेल्या व्हीलचेअर टॅक्सीच्या ड्रायव्हरने प्रवासी नाकारायचा नाही, जादा भाडं घ्यायचं नाही, चढायला-उतरायला मदत करायची, माणूस नीट आणि सुरक्षित बसेल हे बघायचं. मोडलं तर हजार पौंडांपर्यंत दंड. ड्रायव्हरच्या पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरी दाखल्यावर सूट. पुढे २८ जून २०२२ पासून नवा कायदा लागू झाला, त्याने हे कर्तव्य सगळ्याच टॅक्स्यांवर आणि प्रायव्हेट हायरवर आणलं आणि काउन्सिलांना ती यादी ठेवणं सक्तीचं केलं. तोपर्यंत ते त्यांच्या मर्जीवर होतं.

म्हणजे गाडी दारात आली की पुढे काय करायचं, ते कायद्याला बारीकसारीक माहीत आहे. गाडी दारात यावी कशी, याबद्दल कायदा गप्प आहे. ते त्याने काउन्सिलवर सोडलंय आणि काउन्सिलने परिशिष्ट क वर.

हे अंतर आम्हाला स्टेशनवर कळतं. रेल्वेचं तसं बरं चालतं. आधी सांगून ठेवलं की फलाटावर माणूस रॅम्प घेऊन उभा असतो, डब्याच्या दाराशी रॅम्प टेकवतो, नवरा खाली येतो, लिफ्ट चालू असली तर आम्ही रस्त्यावर. आणि रस्त्यावर टॅक्सी स्टँड. तिथे चार गाड्या, चारही सलून, म्हणजे साध्या डिकीवाल्या मोटारी. ड्रायव्हर वाईट नसतात. पहिला लगबगीने उतरतो, डिकी उघडतो, मग खुर्चीकडे बघतो आणि त्याचा चेहरा पडतो. खुर्ची विजेवर चालणारी आहे. बॅटऱ्यांसकट तिचं वजन दोन माणसांनी उचलण्याच्या पलीकडचं, आणि ती घडीची नाही. नवऱ्याला उचलून सीटवर बसवलं तरी खुर्ची फुटपाथवर राहणार. ‘सॉरी, मेट,’ असं तो म्हणतो ते मनापासून म्हणतो. कायद्याने त्याचा काही गुन्हा नाही. जी वस्तू गाडीत मावतच नाही ती न नेल्याबद्दल कुणी दंड करत नाही. मग आम्ही चालत निघतो. म्हणजे मी चालते, तो बॅटरीच्या दिव्याकडे बघत चढ चढतो.

‘अगं, एवढा तोंडाचा चंबू नको करूस,’ तो म्हणतो. ‘हवा चांगली आहे.’

हवा चांगली असते तेव्हा ठीक असतं. इंग्लंडमध्ये हे वाक्य वर्षातून किती रात्री खरं असतं, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

व्हीलचेअर नेणारी टॅक्सी म्हणजे नुसती मोठी गाडी नव्हे, हे समितीत बसलेल्या सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. ती मुळात व्हॅन असते. तिचा मागचा तळ कापून खाली घेतलेला असतो, म्हणजे बसलेल्या माणसाचं डोकं छताला लागत नाही. सरकारच्या मार्गदर्शनात एक ‘संदर्भ व्हीलचेअर’ आहे: १२०० मिलिमीटर लांब, ७०० रुंद, आणि माणूस बसल्यावर १३५० उंच. एवढी खुर्ची आत जाऊन नीट प्रवास करू शकत असेल तर गाडी यादीत टाका, असा सल्ला आहे. माझा नवरा उंच आहे आणि खुर्चीची गादी जाड, त्यामुळे हा १३५० चा आकडा आमच्या घरात पाठ आहे. ड्रायव्हरने विचारायच्या आत तो मान तिरकी करतो.

आत गेल्यावर खुर्ची चार पट्ट्यांनी जमिनीतल्या खाचांना बांधायची, दोन पुढून, दोन मागून, आणि पट्टे खटकन आवाज येईपर्यंत ताणायचे. मग माणसाला वेगळा पट्टा, खांद्यावरून आणि मांडीवरून. खुर्चीचा पट्टा आणि माणसाचा पट्टा एकच नव्हे, हे ड्रायव्हरला शिकवावं लागतं. माणूस गाडीच्या तोंडाकडे बघत बसला पाहिजे किंवा पाठ करून. आडवा कधीच नाही. हे सगळं नीट करायला पाच-सात मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात मीटर चालू ठेवू नये अशी अपेक्षा आहे. म्हणजे गावातल्या दीड मैलाच्या भाड्यासाठी ड्रायव्हर चढवायला सात मिनिटं, उतरवायला पाच मिनिटं फुकट देतो. तोवर सलूनवाल्याचं दुसरं भाडं सुरू झालेलं असतं.

आणि स्टँडचंच घ्या. आमच्याकडच्या यादीतल्या गाड्या बहुतेक मागून चढवायच्या. स्टँडवर गाड्या एकीमागे एक, बंपरला बंपर लावून उभ्या. मागे रॅम्प सोडायला जागाच नाही. ड्रायव्हरला रांग मोडून गाडी पुढे घ्यावी लागते, रस्त्यात रॅम्प सोडावा लागतो आणि मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत खुर्ची ढकलावी लागते. बाजूने चढवायची गाडी फुटपाथवरून घेते, पण तिला तेवढा रुंद फुटपाथ लागतो, आणि ती महागही असते. स्टँडच्या रेघा रंगवणारा विभाग वेगळा, गाडीला प्लेट देणारा विभाग वेगळा. दोघांनी एकदा एका सकाळी स्टँडवर उभं राहून रॅम्प उघडून बघितला असता तर काम झालं असतं. बघितला नसावा, असं रेघा बघून वाटतं.

आता समितीकडे येते. आमच्या काउन्सिलचा जुना नियम असा की नवीन हॅकनी प्लेट हवी असेल तर गाडी व्हीलचेअरची पाहिजे. नियम झाला त्या आधीच्या प्लेटांना सूट. त्यांनी सलूनच्या जागी सलून घेत राहायचं. ऐकायला न्याय्य वाटतं. हळूहळू जुन्या प्लेटा गळतील, नव्या येतील आणि एक दिवस सगळा स्टँड व्हीलचेअरच्या गाड्यांचा होईल. प्रत्यक्षात जुन्या प्लेटा गळत नाहीत, कारण त्यांना सोन्याचा भाव येतो. माणूस निवृत्त होतो, गाडी विकतो, गाडीबरोबर परवाना नव्या मालकाच्या नावावर होतो आणि सलून चालू राहते.

चालकांच्या वतीने बोलायला उठले ते पिकल्या दाढीचे गृहस्थ मूळचे मीरपूरचे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, आमचं बोलणं हिंदी-उर्दूत चालतं, समितीपुढे मात्र ते त्यांच्या यॉर्कशरी इंग्रजीत बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पुतण्याला टॅक्सीत यायचंय. नवी प्लेट घ्यावी तर व्हॅन घ्यावी लागणार, ती सलूनच्या कितीतरी पट महाग. नवी कोरी लंडन कॅब तर साठ हजार पौंडांच्या वर जाते. डिझेल जास्त, विमा जास्त, लिफ्ट असेल तर तिची दर सहा महिन्यांनी तपासणी. मग तो हिशेब करतो आणि प्रायव्हेट हायरचा परवाना घेतो. तिथे व्हीलचेअरची अटच नाही. इथे नाही मिळाला तर दुसऱ्या काउन्सिलकडून घेतो, बाहेरच्यांनाही परवाने देणाऱ्या वुल्व्हरहॅम्प्टन काउन्सिलचं नाव इथल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याच्या तोंडी आहे, आणि काम इथेच येऊन करतो. ‘तुम्ही नियम केला व्हीलचेअरच्या गाड्या वाढाव्यात म्हणून,’ चाचा म्हणाले. ‘वाढलं काय? प्रायव्हेट हायर.’

हे खोटं नाही. इंग्लंडभरच्या आकड्यांत हॅकनी टॅक्स्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्यांत व्हीलचेअर जाते, पण तो आकडा लंडनने फुगवलेला आहे. तिथे १ जानेवारी २००० पासून प्रत्येक काळी टॅक्सी व्हीलचेअरची असते. प्रायव्हेट हायरमध्ये हेच प्रमाण शंभरात दोनच्या आसपास. आणि छोट्या गावांतला धंदा तर प्रायव्हेट हायरकडेच सरकतोय.

चाचांच्या पाठोपाठ एक वयस्कर काउन्सिलरबाई बोलल्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. ‘मला त्या व्हॅनमध्ये चढता येत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मी अपंग नाही का?’ खोलीत जरा हशा पिकला, पण मुद्दा हसण्यावारी न्यायचा नव्हता. सांधेदुखीच्या माणसाला, काठी घेऊन चालणाऱ्याला, सलूनची खालची सीट बरी पडते. सगळ्या गाड्या एकाच साच्याच्या केल्या की एका अपंगाची सोय होते, दुसऱ्याची जाते. लिव्हरपूलमध्ये याचीच दुसरी बाजू कोर्टात गेली होती. तिथलं काउन्सिल लंडन कॅबच्या जातीच्याच गाड्यांना प्लेट देत होतं. एका बाईंची लांब खुर्ची त्या कॅबमध्ये वळवून सुरक्षित बांधता येत नव्हती, दुसऱ्या बनावटीच्या व्हॅनमध्ये येत होती. त्या व्हॅनला मात्र परवानगी नव्हती. २००९ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. सगळ्या गाड्या व्हीलचेअरच्या असूनही त्या बाई फुटपाथवरच राहत होत्या.

मग माझ्या नवऱ्याची पाळी आली. जनतेतल्या माणसाला तीन मिनिटं मिळतात, समोर एक घड्याळ उलटं चालत असतं. घरी त्याने दोन पानं लिहून ठेवली होती. मी त्यातलं एक पान कापायला लावलं होतं, त्यावरून आमचं थोडं वाजलंही होतं. तिथे त्याने दोन्ही पानं मांडीवरच ठेवली.

‘अहवालात लिहिलंय आपल्याकडे किती व्हीलचेअर टॅक्स्या आहेत,’ तो म्हणाला. ‘मला ते नकोय. मंगळवारी रात्री सव्वादहाला किती असतात, ते सांगा.’

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. तो आकडा कुणाकडेच नव्हता. नसतोच. प्लेटांचा हिशेब ठेवला जातो, तासांचा नाही. आणि या सगळ्या प्रकरणाची ग्यानबाची मेख तिथेच आहे, असं माझं मत आहे.

यादीतल्या गाड्या दिवसा कुठे असतात, ते आम्हाला माहीत आहे, कारण आम्ही त्या ड्रायव्हरांना विचारलंय. त्या शाळेच्या फेऱ्यांवर असतात. विशेष गरजा असलेल्या मुलांना घरून शाळेत आणि शाळेतून घरी न्यायचं कंत्राट डिस्ट्रिक्टच्या वरचं काउंटी काउन्सिल देतं. पैसे ठरलेले, वेळ ठरलेली, मूल रोजचं ओळखीचं, मीटरची कटकट नाही. ड्रायव्हर सकाळी आठ ते साडेनऊ आणि दुपारी अडीच ते साडेचार त्यात गुंतलेला. सकाळी सातला घर सोडलेला माणूस रात्री सव्वादहाला स्टेशनवर कशाला थांबेल? त्याच्यावर मी रागावू शकत नाही. त्या मुलांनाही शाळेत जायचंय. पण हे बघा: गाडीला प्लेट देतं डिस्ट्रिक्ट काउन्सिल, आणि तिचा दिवस विकत घेतं काउंटी काउन्सिल. डिस्ट्रिक्टच्या अहवालात त्या गाड्या ‘उपलब्ध’ म्हणून मोजलेल्या असतात.

मागणीही अशीच मोजली जाते. काउन्सिलला हॅकनी प्लेटांची संख्या मर्यादित ठेवायची असेल तर ‘लक्षणीय प्रमाणात न भागलेली मागणी’ नाही, याची त्याला खात्री पटली पाहिजे, असं १९८५ चा ट्रान्सपोर्ट ॲक्ट सांगतो. त्यासाठी सल्लागार कंपनी नेमतात. त्यांची माणसं किंवा कॅमेरे स्टँडवर लक्ष ठेवतात, किती गाड्या, किती प्रवासी, प्रत्येकाला किती मिनिटं थांबावं लागलं. आता मला सांगा, जो माणूस दोनदा फुटपाथवर राहिलाय तो तिसऱ्यांदा स्टँडवर येईल का? तो सरळ दुपारची गाडी धरतो किंवा जातच नाही. त्याच्या नावापुढे थांबण्याची मिनिटं शून्य. मोजणाऱ्याच्या तक्त्यात तो समाधानी गिऱ्हाईक ठरतो. अहवालांत ‘सुप्त मागणी’ नावाचा परिच्छेद असतो, प्रश्नावल्याही काढतात, पण निर्णयाच्या टेबलावर मिनिटांच्या आकड्याचं वजन जास्त पडतं, हे त्या खोलीत बसून मला दिसलं.

इतर ठिकाणी हे जमलंय का, ते नवऱ्याने रात्र रात्र शोधलं होतं. आयर्लंडने २०१० पासून नवीन टॅक्सी परवाने फक्त व्हीलचेअरच्या गाड्यांना द्यायचं ठरवलं, आणि गाडी घेण्यासाठी पुढे अनुदानही सुरू केलं. फरक असा की तो नियम अख्ख्या देशाला एक. शेजारच्या काउन्सिलात पळून जायची वाट नाही. न्यूयॉर्कने अपंगांच्या संघटनांशी २०१३ मध्ये तडजोड केली, २०२० पर्यंत निम्म्या पिवळ्या टॅक्स्या व्हीलचेअरच्या करू. मुदत गेली, निम्म्या झाल्या नाहीत, २०२४ मध्ये न्यायाधीशाने तिथल्या टॅक्सी आयोगाची कानउघाडणी करून, निम्म्या होईपर्यंत प्रत्येक नवी टॅक्सी व्हीलचेअरचीच आणायला लावली. ही दोन्ही उदाहरणं मोठ्यांची आहेत. लाखो भाडी असलेल्या शहरात महाग गाडी कशीतरी खपते. आमच्या गावात रात्री दहानंतर स्टँडवर पाच भाडी मिळाली तरी ड्रायव्हर घरी खूश जातो.

म्हणून माझं म्हणणं सांगते. प्लेटांची टक्केवारी वाढवत बसण्यापेक्षा तास विकत घ्यावेत. रात्री सहा ते बारा, आठवड्याचे सातही दिवस, एक गाडी फोनवर हजर, असा पाळीचा तक्ता करावा. त्यात नाव घालणाऱ्याला परवान्याची फी माफ करावी, गाडीच्या वयाची अट सैल करावी, आणि भाडं मिळो न मिळो, थांबण्याचे थोडे पैसे द्यावेत. फी माफ करायचा अधिकार १९७६ च्या कायद्यात काउन्सिलला आहेच. बुकिंगची मोठी कंपनी चालवणाऱ्याकडूनही त्या तक्त्यात वाटा घ्यावा, सगळा बोजा स्टँडवरच्या एकट्यादुकट्या चाचांवर का? नवऱ्याला यातलं थांबण्याचे पैसे द्यायचं पटत नाही. ‘माझ्यासाठी वेगळे पैसे मोजले की मी पुन्हा धर्मादाय झालो,’ तो म्हणतो. ‘नियम असू दे, सगळ्यांना सारखा.’ यावर आमचं एकमत झालेलं नाही, आणि मला वाटतं त्याचं म्हणणं तत्त्वाला धरून आहे, माझं थंडीला.

तक्त्याचा मुद्दा त्याने शेवटच्या अर्ध्या मिनिटात मांडला. समितीच्या वकीलबाई जरा चुळबुळल्या. परवान्याला ‘वाजवीपणे आवश्यक’ वाटतील अशा अटी घालता येतात, त्या म्हणाल्या, पण ड्रायव्हरने अमुक वेळी कामावर असलंच पाहिजे, ही अट त्यात बसेल की नाही, याचा सल्ला घ्यावा लागेल. हॅकनीवाला स्वतःचा मालक. त्याला घरी झोपायचा हक्क आहे. स्टँडवर असताना त्याने विनाकारण भाडं नाकारलं तर १८४७ चा कायदा दंड करतो. स्टँडवर यायलाच तो बांधील नाही. एवढ्या वर्षांत कुणाला हे खटकलं नसेल असं नाही, पण घोडा दमतो म्हणून लिहिलेल्या कायद्यात रात्रपाळी कोण घालणार?

निर्णय व्हायला फार वेळ लागला नाही. नव्या प्लेटेला व्हीलचेअरची अट कायम. व्हीलचेअरच्या गाड्यांना वयोमर्यादेत काही वर्षांची सवलत, जेणेकरून मालकाला गाडी जास्त दिवस वापरता येईल. जुन्या प्लेटांना हात नाही. रात्रीच्या पाळीबद्दल कायदेशीर सल्ला आणि सार्वजनिक अभिप्राय मागवावेत, पुढच्या आढाव्यात विचार करावा. मग सातवा विषय सुरू झाला, फुटपाथवर टेबलं मांडणाऱ्या कॅफेचा, आणि त्यावर मात्र चर्चा चांगली रंगली. लिफ्टची वाट बघताना चाचा शेजारी येऊन उभे राहिले. ‘भाईजान, तुम्ही माझ्या विरोधात बोललात की बाजूने, मला कळलं नाही,’ असं हिंदीत म्हणाले. नवरा म्हणाला, ‘मलाही नाही.’ मग चाचांनी पुतण्याचा नंबर दिला. त्याच्या मित्राकडे व्हॅन आहे, शाळेची फेरी करतो, शुक्रवारी रात्री येईल बहुतेक, आधी दोन दिवस सांगा.

आता आमची शुक्रवारची रात्र अशी जमते. हे चांगलं आहे आणि याचा मला रागही येतो. इतर लोकांना शुक्रवारी रात्री कुठे जायचं ते शुक्रवारी रात्री ठरवता येतं. त्या व्हॅनवाल्या मुलाला फ्लू झाला की आमचा कार्यक्रम रद्द. हक्काची गोष्ट ओळखीवर चालायला लागली की समितीला वाटतं, चाललंय की.

अभिप्रायाचा फॉर्म यथावकाश आला. पाच पानं, छान छापलेला. प्रश्न असा: ‘गेल्या चार आठवड्यांत आपण व्हीलचेअर टॅक्सी किती वेळा वापरली?’ पुढे एक छोटा चौकोन. मिळाली नाही म्हणून गेलो नाही, असं सांगायला जागा नाही. नवऱ्याने चौकोनाबाहेर, समासात, बारीक अक्षरात ते सगळं लिहिलं आणि पाठवून दिलं. थोड्या दिवसांनी काउन्सिलमधून फोन आला. बोलणारी मुलगी गोड होती. समासातलं तिने वाचलं होतं, तिला पटलंही होतं, पण तक्त्यात भरायला आकडा लागतो म्हणाली.

‘अरे, शून्य सांगून टाक ना,’ मी मागून म्हटलं.

‘शून्य सांगितलं की त्यांना वाटेल मला टॅक्सी नकोय,’ तो म्हणाला. त्याने तिला पुढच्या परवाना बैठकीची तारीख विचारली, ती कॅलेंडरवर लिहिली आणि बोलण्यासाठी नाव नोंदवून घ्यायला सांगितलं. या वेळी मी एकही पान कापायचं नाही, असं ठरलंय.